जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल आणि डिझेलच्या पावत्या

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुवायचा, बॉनेटवर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि त्याच आठवड्यात ऑइल बदलून टाकायचं. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत बघायला नको. बऱ्याच गावांत हा हिशोब चालतो. पण एकाचा ट्रॅक्टर घरच्या आठ एकरांत वर्षाकाठी शंभरेक तास चालतो. दुसऱ्याचा उन्हाळ्यात भाड्याने नांगरट करतो, पेरणीआधी रोटाव्हेटर ओढतो आणि दिवाळीनंतर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत उसाच्या ट्रॉल्या नेतो. तो सहज हजार तासांवर जातो. दोघांनी ऑइल एकाच मुहूर्तावर बदललं तर पहिल्याचं काही बिघडत नाही. दुसऱ्याला मात्र लायनर-पिस्टन आणि बेअरिंगांची यादी घेऊन मिस्त्रीच्या दारात बसावं लागतं.

ऑइलचं आयुष्य तासांवर मोजतात, हे सगळ्यांनाच माहीत असतं. अडचण अशी, की वीस-तीस वर्षं जुन्या महिंद्रा बी-२७५, मॅसी १०३५, स्वराज ७३५ किंवा एचएमटीचा तासांचा मीटर केव्हाच बंद पडलेला असतो. चालू असला तरी तो घड्याळाचे तास दाखवत नाही. जुना केबलवरचा मीटर इंजिनाच्या फेऱ्या मोजतो. इंजिन ठरावीक वेगाने फिरत असेल तेव्हाच त्याचा तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो. संथ गतीवर तो मागे पडतो.

मला विचाराल तर मीटर दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता डिझेलच्या पावत्या ठेवाव्यात. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर मिश्र कामात तासाला साधारण ३ ते ४ लिटर डिझेल खातो. ऑइल दर २५० तासांनी बदलायचं धरलं, तर ७५० ते १,००० लिटर. जुन्या इंजिनाला ८०० लिटर हा ठोकताळा पुरे. डिझेलच्या हिशोबात एक गोष्ट आपोआप धरली जाते, जी तासांत येत नाही: कामाचा भार. पलटी नांगराचा एक तास आणि मोकळ्या ट्रॉलीचा एक तास मीटरला सारखेच, पण नांगर जास्त डिझेल पितो, जास्त काजळी करतो आणि ऑइल तेवढंच लवकर थकवतो. वर्षभरात ८०० लिटर भरले नाहीत, तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच. उभ्या इंजिनात दमट हवेचं पाणी धरतं, आणि वापरलेल्या ऑइलमधली आम्लं बेअरिंगला खात बसतात. म्हणूनच ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहणार असेल तर ऑइल उभा करण्याआधी बदलावं. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

कंपनीच्या जुन्या पुस्तकांत शंभर-सव्वाशे तासांचे आकडेही सापडतात. ते वाचून कोणी घाबरतो, तर कोणी पुस्तकच खोटं ठरवतो. ती पुस्तकं ज्या काळात लिहिली गेली, तो काळ ध्यानात घ्यायला हवा. आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरिदाबादेत १९५९ साली तयार झाला, महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली, स्वराज ७२४ आला १९७४ मध्ये. त्या वेळच्या आपल्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत चालत असे. गंधक जळालं की त्याची ऑक्साइडं होतात, ती पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल बनतं, आणि ते रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरतं. हे आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षारधर्मी रसायनं घातलेली असतात. ती संपली की ऑइलची राखण संपली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे त्या जुन्या मर्यादेचा हजारावा भाग. आम्लाची बाजू तेवढी हलकी झाली आणि ऑइलही कितीतरी सुधारलं. मग जुन्या इंजिनात ऑइल ४०० तास का चालवू नये? कारण झिजलेल्या रिंगांतून काजळी, कच्चं डिझेल आणि जळका वायू खाली येणं काही नव्या डिझेलने थांबत नाही. इंजिन जेवढं धूर टाकतं, तेवढं त्याचं ऑइल लवकर बदलावं.

आता डबा. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात, आणि आपल्याकडे त्यातली कमी महत्त्वाची तेवढी वाचली जाते. २०डब्ल्यू-४० की १५डब्ल्यू-४०, यावर चहाच्या टपरीवर तासभर वाद चालतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १५डब्ल्यूची इंजिन फिरवण्याची परीक्षा उणे २० अंशाला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ला. निफाडला पारा ५ अंशांखाली गेला की वर्तमानपत्रात बातमी येते. त्या थंडीत दोन्ही ऑइलं निभावून नेतात. शेवटचा ४० हा आकडा तापलेल्या इंजिनातला जाडपणा सांगतो आणि तो दोन्हीत एकच आहे. पुस्तकात जे असेल ते घ्या, पुस्तक हरवलं असेल तर यांतलं कोणतंही चालेल.

खरी निवड दुसऱ्या खुणेत आहे. एपीआयचा दर्जा: सीसी, सीडी, सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. 'सी'नंतरचं अक्षर जितकं पुढचं, तितकं ते ऑइल अलीकडच्या आणि कडक परीक्षेतून उतरलेलं. सीडी १९५५चं, सीएफ-४ १९९०चं, सीआय-४ २००२चं. तालुक्याच्या दुकानात स्वस्त डब्यावर अजून सीसी किंवा सीडी छापलेलं दिसतं आणि 'जुन्या गाडीला जुनंच ऑइल मानवतं' असं दुकानदार वर सांगतो. मानवतं-बिनवतं काही नाही. सीआय-४ सीडीच्या जागी चालावं म्हणूनच बनवलेलं आहे. काजळी धरून ठेवायची त्याची ताकद कितीतरी जास्त. सीएफ-४च्या खाली जाऊ नये, सीएच-४ किंवा सीआय-४ मिळालं तर उत्तम. त्यापुढचं सीके-४ धुराच्या नळीत गाळणी बसवलेल्या नव्या इंजिनांसाठी आहे. जुन्याला अपाय नाही, पण जादा पैसे वाया.

जाड ऑइलचा मोह मात्र आवरावा. इंजिन ऑइल खायला लागलं की पन्नास नंबर घाल म्हणणारे सल्लागार गावोगाव असतात. जाड ऑइलने प्रेशरचा काटा वर चढतो आणि मालक खूश होतो. पण काटा दाब दाखवतो, किती ऑइल बेअरिंगपर्यंत पोचलं ते दाखवत नाही. सकाळच्या थंड इंजिनात जाड ऑइल फिल्टरमधून नीट जात नाही, मग फिल्टरची बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. कोणी तर मागच्या हाउसिंगचं ९० नंबर इंजिनात ओतायचं म्हणतो, कारण ९० म्हणजे ४०च्या दुपटीहून जाड! गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे; तिथलं ९० हे इंजिनाच्या ४०-५०च्या आसपासच भरतं. शिवाय त्यातली रसायनं गिअरच्या दात्यांसाठी असतात.

रंगाविषयीही असाच गैरसमज. बदललेलं ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून दुकानदाराशी भांडणारे असतात. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं व्हायलाच हवं; काजळी तरंगत ठेवणं हेच त्याचं काम, म्हणजे ती चेंबरच्या तळाशी चिखल होऊन बसत नाही. पाहायचं ते वेगळं. गेजवर ऑइल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट किंवा लायनरच्या रिंगा बघा. पातळी न भरता वाढली आणि डिझेलचा वास आला तर फीड पंप किंवा नोझल गळतंय. तसा ट्रॅक्टर शेतात नेऊ नये. आणखी एक स्वस्तातली परीक्षा: गरम ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवायचा. डाग हळूहळू फिकट होत कडेपर्यंत पसरला तर ऑइलमध्ये जीव आहे. मध्ये डांबरासारखा ठिपका आणि त्याची कड धारदार राहिली, तर पावत्या काही म्हणोत, बदलून टाका.

या सगळ्याहून जास्त इंजिनं धुळीने मेली आहेत, असं माझं मत आहे. जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर बहुधा ऑइल बाथ प्रकारचा. आत येणारी हवा खालच्या वाटीतल्या ऑइलवर आपटते, धूळ तिथे राहते, उरलेली वरच्या जाळीत अडकते. वाटीतलं ऑइल घट्ट झालं, तळाला गाळाचा थर बसला, की धूळ सरळ सिलिंडरमध्ये. मातीत सिलिका असते. ती रिंग आणि लायनरच्या मध्ये सापडली की दगडी पाट्यावर वाटल्यासारखं काम करते आणि तिथून ऑइलमध्ये उतरून बेअरिंगला लागते. सोयाबीनच्या मळणीत किंवा मेच्या नांगरटीत वाटी रोज संध्याकाळी उघडून पाहावी. तीत इंजिनाचंच ऑइल भरायचं, तेही खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, त्यावरच चढत जातं आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही.

प्रत्यक्ष बदलायचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन चालवून तापवलेलं. गरम ऑइलबरोबर गाळ वाहून येतो. चेंबरचा बोल्ट काढल्यावर त्याच्या टोकाला हात लावून पाहावा. काळी पेस्ट चालते, चकाकणारे कण चालत नाहीत. तांब्याचा वायसर शक्यतो नवा. फिल्टर दर वेळी बदलायचा, यात काटकसर नको. भांड्यातल्या एलिमेंटचा फिल्टर असेल तर खोबणीतली जुनी रबरी रिंग उकरून काढायला हवी. तिच्यावरच नवी बसवली की ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर ऑइल फेकतो. भरताना लिटरांवर विसंबू नये. तीन सिलिंडरच्या इंजिनाला ६ ते ८ लिटर लागतं, पण अखेरचा शब्द गेजचा: वरच्या खुणेच्या जरा खाली. 'थोडं जास्त असलेलं बरं' म्हणून वर भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि ते ब्रीदर नाहीतर सीलमधून बाहेर येतं. मग स्टॉप नॉब ओढून धरायचा आणि प्रेशरचा काटा हलेपर्यंत थांबून-थांबून स्टार्टर मारायचा. कोरड्या बेअरिंगवर इंजिन फुरफुरायला नको. काही जुन्या इन-लाइन पंपांना त्यांचं स्वतःचं ऑइल असतं. तिकडे सहसा कोणी बघत नाही, तेवढं बघून घ्यावं.

निघालेलं जळकं ऑइल गावात वाया जात नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांना, वाळवी लागलेल्या खांबांना, डबक्यातल्या डासांवर, सगळीकडे जातं. निदान विहिरीजवळ आणि हातांवर तरी ते येऊ देऊ नये. त्यातली कर्बसंयुगं कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांपैकी आहेत. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल पुनर्शुद्धीकरणाकडे परत जाईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. गावात मात्र ते अजून भंगारवाल्याच्या पिंपातच जातं. तिथून सगळंच परवानाधारक कारखान्यात पोचत नाही. काही नुसतं गाळून, रंग उडवून, नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यात पुन्हा बाजारात येतं. त्यासाठी चांगला डबा लागतो. तेव्हा ऑइल पावतीवर घ्या, सील आणि बॅच नंबर बघा, आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याच्या बुडाला दोन खिळे ठोका.