बारावं फूल

गडहिंग्लजहून चंदगडकडे निघालं की वाटेत नेसरी लागतं. प्रतापराव गुजरांनी १६७४ साली इथे देह ठेवला, म्हणून हे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कर्नाटकाची हद्द इथून जवळ. घरात मराठी आणि बाजारात कानडीही कानावर पडणारा हा पट्टा. या मुलखातल्या कुठल्याही जत्रेत कासाराच्या दुकानापुढे थांबून पाहावं. दोऱ्यात ओवलेल्या मण्यांचे झुबकेच्या झुबके टांगलेले असतात: काळे, तांबडे, पांढरे, हिरवे. एकेक मणी मोहरीएवढा. त्याच्याकडे नीट पाहिलं की वाटतं, एवढ्याशा काचेला आरपार भोक पाडलं तरी कसं?

गंमत अशी की ते कुणी पाडलेलंच नसतं. भोक आधी आणि मणी नंतर, असा हा उलटा प्रकार आहे. आंध्रातल्या पापनायुडुपेट गावात ही जुनी रीत टिकून राहिली. वितळलेल्या काचेचा मोठा गोळा करायचा, त्याच्या पोटात लांब लोखंडी सळई घालून पोकळी करायची आणि मग गोळ्याच्या टोकाला धरून काच ओढत राहायची. काचेची बारीक नळी निघते, हातांमागून हात ओढत जातात आणि आतली पोकळी नळीबरोबर लांबत जाते. कितीही बारीक ओढली तरी भोक बुजत नाही. नळीचे मोहरीएवढे तुकडे पाडले की मणी तयार. मात्र त्यांच्या कडा धारदार, दोरा कापून टाकतील अशा. म्हणून ते राखेत घोळून पुन्हा तापवतात. कडा मऊ होऊन गोल होतात आणि भोकात शिरलेली राख भोक मिटू देत नाही. हे युक्तीचं काम दक्षिण भारतात दोन हजार वर्षांपूर्वी चालू होतं आणि इथले मणी जहाजांतून थेट आग्नेय आशियापर्यंत पोचले होते.

मण्याची हौस तर काचेपेक्षाही कितीतरी जुनी. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे इथे उत्खननात मणी सापडले ते शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपल्याकडे शहामृग हिंडत होते, आणि शेती, मडकी, धातू यांतलं काहीच नव्हतं. पण कवचाचा तुकडा घासून गोल करायला आणि त्याला भोक पाडायला माणसाला वेळ होता. खुद्द कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी खोदकाम केलं. सातवाहनांच्या काळातल्या त्या वस्तीतही मणी मिळाले. यातल्या दीक्षितांनी पुढे मणी आणि काच यांचा असा ध्यास घेतला की भारतीय काचेचा इतिहासच लिहून काढला. मोहरीएवढ्या वस्तूला आयुष्य देणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

पण मणी एकटा मुका असतो. तो बोलतो कुणी, कुणाच्या अंगावर बांधला यावरून. एकाच नळीतून निघालेले काळे मणी तान्ह्या बाळाच्या मनगटीत गेले की दृष्ट अडवतात. दोन वाट्यांच्या दोन्ही बाजूंना गाठवले की मंगळसूत्र होतात. दोरा झिजून मंगळसूत्र वाढलं, तर घरातली थोरली बाई सांडलेले मणी वेचून वाटीत ठेवते आणि दुसरा दोरा येईपर्यंत सुनेच्या गळ्यात हळकुंड बांधते. बेंदराला बैलाच्या गळ्यातही घुंगुरमाळेशेजारी रंगीत मण्यांची माळ पडते.

आणि तांबडे-पांढरे मणी सौंदत्तीच्या यल्लम्माचे. जोगत्या-जोगतिणींच्या गळ्यात ते दिसतात. कोवळ्या वयात मुलीच्या गळ्यात हे मणी बांधले की ती देवाला सोडली गेली. मग तिचं लग्न नाही. मंगळसूत्राचे मणी बांधून बाई एका घरची होते. हे मणी बांधून ती कुणाच्याच घरची राहत नाही. गडहिंग्लज भागाने हे फार जवळून पाहिलंय. म्हणूनच १९७५ साली देवदासींची परिषद गडहिंग्लजला भरली. कर्नाटकाने १९८२ साली कायद्याने ही प्रथा बंद केली, महाराष्ट्राचा कायदा येईपर्यंत मात्र आणखी दोन दशकं उलटली. काचेत काही बदल झाला नव्हता. भांडण गाठीशी होतं, आणि ते करणाऱ्या बायांचं धैर्य मला या सगळ्या कलेपेक्षा मोठं वाटतं.

मण्याला अर्थ येतो तो गाठीमुळे, आणि आकार येतो तो मोजणीमुळे. त्यासाठी रुखवत पाहावं. मण्यांचं तोरण, मण्यांची महिरप, मण्यांची फळं. यातला साधा चेंडू कसा विणतात ते सांगतो. तंगूस घ्यायचा. त्यात पाच मणी ओवायचे आणि पाचव्या मण्यातून तंगुसाची दोन्ही टोकं एकमेकांविरुद्ध दिशेने काढून ओढायची. पाच मण्यांचं फूल झालं. आता चार नवे मणी, पुन्हा तसंच. जुना एक धरून दुसरं फूल. त्यापुढच्या तीन फुलांना तीन-तीनच नवे पुरतात, कारण शेजारचे दोन मणी आयतेच मिळतात. कडं पुरं करणाऱ्या फुलाला तर दोनच. पहिल्या फुलाभोवती पाच फुलं झाली की वाटी तयार होते. ती कुणी वळवलेली नसते, पाचाच्या मोजणीनेच ती वळते. पुढच्या फेरीतही नवे मणी असेच कमी कमी लागतात. अकराव्या फुलाला एकच. आणि बारावं विणावंच लागत नाही: वर उरलेल्या तोंडाशी पाहावं, तर पाच मणी गोल करून बसलेलेच असतात. बारा फुलं, मणी मोजून तीस.

पाचाऐवजी सहा-सहा मण्यांची फुलं विणा, काम सपाट चटईसारखं पसरत जातं, त्याचा चेंडू होत नाही. चेंडू मोठा हवा असेल तर पाचाच्या फुलांमध्ये सहाची घालावी लागतात. जुन्या फुटबॉलवरचे काळे-पांढरे तुकडे आठवा: काळे पाच बाजूंचे, पांढरे सहा बाजूंचे. असाच आकार असलेला कार्बनचा रेणू १९८५ साली सापडला आणि १९९६ साली त्यासाठी नोबेल मिळालं. तैवानमधले रसायनशास्त्रज्ञ बिह-याव जिन यांनी तो आणि त्याची भावंडं विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी कशाने बनवली? मण्यांनी आणि नायलॉनच्या दोऱ्याने. एक मणी म्हणजे दोन अणूंमधला एक बंध. साठ अणू, नव्वद बंध, नव्वद मणी. आपल्याकडच्या मावश्या-आत्या रुखवताच्या चेंडूला जी वीण घालतात, तिचंच हे भावंड. फरक सहाच्या फुलांचा: चेंडूत एकही नाही, रेणूत वीस. पाचाची मात्र दोन्हीकडे बाराच, आणि मधे सहाची कितीही घालून चेंडू वाढवला तरी ती बाराच राहतात.