पाण्यातला किल्ला जंजिरा

जझीरा हा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ बेट. त्यावरून जंजिरा हे नाव पडले. हा किल्ला रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात आहे. तिथे सिद्दी होते. त्यांचे जंजिरा संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले.

आपल्या तालुक्यातला खर्ड्याचा किल्ला भुईकोट आहे, त्याला पायी चक्कर मारता येते. जंजिऱ्याला होडीच लागते. राजपुरी गावातून शिडाच्या होड्या सुटतात. तांडेल दोरी ओढून शीड वळवतो. वारा समोरून असला की होडी सरळ जात नाही, तिरकी तिरकी जाते. आई तर म्हणाली, "अवो, किल्ला तिकडं ऱ्हायला की!"

मामांनी आख्खी होडी ठरवली होती, म्हणून आम्ही किल्ल्याला पूर्ण वळसा घातला. तेव्हा कळले, तो कुणाला का जिंकता आला नाही. तट पाण्यातूनच वर आलाय. शिडी लावायला जमीनच नाही! मोठा दरवाजा बुरुजांच्या मधे लपलाय. अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. मागे समुद्राकडे आणखी एक दरवाजा आहे. संकट आले तर तिकडून पळता येई.

संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत रस्ता बांधायला घेतला होता. पण मोगल फौज चालून आली आणि काम राहिले.

आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. चहूकडे खारे आणि मधे गोडे! आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो.

पावसाळ्यात होड्या बंद असतात. जायचे तर दिवाळीच्या सुट्टीत जा.