वादळाजवळून जाणारे विमान आणि कमरेचा पट्टा

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ विमान म्यानमारमधील इरावतीच्या खोऱ्यावरून ३७ हजार फूट उंचीवर चालले होते. विमानात २११ प्रवासी व १८ कर्मचारी होते. उड्डाणास सुमारे दहा तास होऊन गेले होते आणि न्याहारी वाढली जात होती. त्या प्रदेशावर वादळी मेघ वाढत होते. पुढे जे घडले, ते सिंगापूरच्या अपघात-अन्वेषण विभागाने विमानातील नोंदयंत्रावरून सेकंदागणिक मांडले आहे.

आरंभी विमान किंचित थरथरले व आपोआप थोडे वर उचलले गेले. वैमानिकांनी पट्टे बांधण्याचा दिवा लावला. त्यानंतर अवघ्या आठ सेकंदांनी विमान एकाएकी खाली खेचले गेले. ०.६ सेकंदाच्या आत माणसाचे वजन जणू उलटे झाले व त्याला दीडपट जोराने छताकडे ओढू लागले. ज्यांचे पट्टे सुटे होते ते आसनावरून उचलले गेले. नंतरच्या चार सेकंदांत वजन पुन्हा सुलटे झाले आणि तेच प्रवासी खाली आदळले. सत्तर वर्षांपलीकडील एक ब्रिटिश प्रवासी दगावले. त्यांना हृदयविकाराचा झटका आला असावा, असे प्रथम सांगण्यात आले. विमान बँकॉककडे वळविण्यात आले. तेथील रुग्णालयात जे जखमी पोहोचले, त्यांपैकी बावीस जणांच्या मणक्याला इजा होती.

‘विमान सहा हजार फूट कोसळले’ अशी वार्ता तेव्हा सर्वत्र पसरली होती. वस्तुतः ते उतरणे त्यानंतर सुमारे सतरा मिनिटांनी, वैमानिकांनी विचारपूर्वक व नियंत्रितपणे केले होते. धक्क्याच्या वेळी विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आले, इतकेच. पण एवढ्यानेच मणके मोडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विमानाला असल्या धक्क्याचे फारसे भय नसते. याच जातीच्या विमानाचे पंख १९९५ मध्ये चाचणीसाठी मुद्दाम वाकविण्यात आले. प्रत्यक्ष उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या १५४ टक्के भार झाल्यावर ते मोडले. विमान तग धरते. त्याच्या पोटात जे बांधलेले नाही, त्याचे मात्र हाल होतात. मग तो माणूस असो, चहाची किटली असो की मांडीवरचा संगणक.

वादळी मेघाच्या पोटात उष्ण, दमट हवा प्रचंड वेगाने वर झेपावते आणि तिच्या शेजारीच थंड हवा खाली कोसळत असते. उष्ण प्रदेशात अशा मेघांची शिखरे पन्नास हजार फुटांपलीकडेही जातात. म्हणजे नेहमीच्या उड्डाण-उंचीच्याही वर. त्यांच्यावरून जाणे पुष्कळदा अशक्य असते, म्हणून वळसा घालावा लागतो. तीव्र वादळापासून निदान वीस मैल दूर राहावे, असे अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाचे सांगणे आहे, कारण खळबळ मेघाच्या कडेला संपत नाही. वैमानिकासमोरचे रडार पावसाचे थेंब उत्तम दाखवते. मेघाच्या माथ्यावरचे कोरडे हिमकण त्याला अंधुक दिसतात आणि स्वच्छ हवेतील खळबळ तर दिसतच नाही. वैमानिक कितीही दक्ष असला, तरी काही धक्के अकस्मातच बसणार.

आपल्या जवळचे उदाहरण १ मे २०२२ चे आहे. मुंबईहून दुर्गापूरला निघालेले स्पाइसजेटचे विमान उतरण्याच्या बेतात असताना वादळात सापडले. तो काळ बंगालमधील कालबैसाखीचा. आपल्याकडच्या वळवाचीच ती थोरली बहीण म्हणावी. चौदा प्रवासी व तीन कर्मचारी जखमी झाले; एक प्रवासी पुढे काही महिन्यांनी रुग्णालयात मरण पावले. सम्मेदशिखरजीच्या यात्रेसाठीही हा विमानतळ सोयीचा पडतो, आणि यात्रेच्या अशा प्रवासात वृद्ध व बालके बरोबर असतातच.

त्यांच्याविषयीच थोडे अधिक सांगावयास हवे. वयोवृद्ध मंडळींना पट्टा कमरेला आवळल्यासारखा वाटतो, म्हणून दिवा विझला की तो सोडून पाय वर घेऊन बसण्याची सवय असते. पट्टा पोटावर न घेता खाली, कमरेच्या हाडांवर बसविला तर त्रास कमी होतो. शाल पांघरावयाची असेल तर पट्टा शालीवरून बांधावा, म्हणजे तो बांधलेला दिसतो आणि झोपमोड टळते. स्वच्छतागृहात जाण्याची गरज असल्यास विमान उतरू लागण्यापूर्वीच जाऊन यावे. दोन वर्षांखालील मूल मांडीवर घेता येते, पण अशा धक्क्यात ते केवळ हातांनी धरून ठेवणे बलवान पित्यालाही शक्य नाही. लहानग्यांसाठीचा जोडपट्टा आपल्या विमानांत मागितला की मिळतो. त्याहून सुरक्षित म्हणजे मुलासाठी स्वतंत्र तिकीट काढून त्याला विमानास चालणाऱ्या बाल-आसनात बांधणे. तिकिटाचा खर्च वाढतो, हे खरे. व्यापारी कुटुंबात हिशेब होणारच. तो करताना इरावतीवरचे ते आठ सेकंदही जमेस धरावेत.

सर्वाधिक इजा कोणाला होते, याचा प्रवासी क्वचितच विचार करतात. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात अशा धक्क्यांनी १६३ जण गंभीर जखमी झाले, त्यांतील १२९ विमानातील कर्मचारी होते. इतरांना बसावयास सांगत तेच उभे असतात. मे २०२४ च्या घटनेनंतर सिंगापूर एअरलाइन्सने दिवा लागलेला असताना गरम पेयांबरोबर जेवण वाढणेही बंद केले. चहाची गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली तर ती परिचारिका आपल्या आसनावर जाऊन पट्टा बांधत असते.