गुण कमी आले, दंडही झाला होता... अर्जात काय लिहायचं?

सिबिल स्कोअर का घसरला याचा बँकेला खुलासा कसा द्यायचा, हा व्हिडिओ आपण केला होता. त्यावर अमेरिकेतल्या काही प्रेक्षकांनी विचारलं, मुलं तिथल्या लॉ स्कूलला अर्ज करतायत, त्यांनी खुलासा कसा लिहायचा? प्रश्न चांगला आहे, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

आधी गुणांचं बघू. तिथली प्रवेश परीक्षा एलसॅट, गुण 120 ते 180. समजा पहिल्यांदा 154 आले, दुसऱ्यांदा 165. कॉलेजला साधारणपणे दोन्ही आकडे दिसतात, पण बहुतेक ठिकाणी वजन जास्तीच्या गुणांना. मग खुलासा कशाला? फरक मोठा असेल आणि कारण ठोस असेल, तरच. परीक्षेच्या दिवशी ताप होता, घरात कुणी गेलं होतं, असं काही. चार-पाच ओळी पुरतात. दोन-तीन गुणांच्या फरकासाठी पानभर लिहिलं तर ते रडगाणं वाटतं. आणि "मला परीक्षा जमतच नाहीत" हे तर लिहूच नका. वकील व्हायला पुढे बारची परीक्षा द्यायचीच आहे ना!

आता खरी गोम. अर्जात शिस्तभंग आणि गुन्ह्यांबद्दल प्रश्न असतो. तिथे दारू प्यायचं वय 21, त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत बिअर सापडली, ताकीद मिळाली, अशी प्रकरणं पुष्कळ. आईवडील म्हणतात, "एवढंसं तर आहे, कशाला सांगायचं?" पण प्रश्न प्रत्येक कॉलेजचा वेगळा. कुणी फक्त शिक्षा झाली का विचारतं, कुणी नुसता आरोप झाला तरी सांगा म्हणतं. कुणी साधे ट्रॅफिकचे दंड वगळतं, कुणी नाही. शब्दन् शब्द वाचा. नोंद कोर्टानं पुसली असली तरी सांगायचं का, तेही तिथेच बघा.

कारण काय, की तीन वर्षांनी सनद मागताना बारवाले चारित्र्याची चौकशी करतात. लॉ स्कूलचा जुना अर्ज मागवून नव्या अर्जाशी ताडून बघतात. बिअरची बाटली माफ होते हो, लपवलेली बाटली जड जाते. तीन वर्षांची फी भरून झाल्यावर सनद अडकली तर?

मजकूर इंग्रजीत असेल, पण सांगाडा असा: "अमुक तारखेला हॉस्टेलच्या खोलीत माझ्याकडे बिअर सापडली. लेखी ताकीद मिळाली, एक वर्ग करावा लागला, तो मी पूर्ण केला. चूक माझी होती. त्यानंतर कुठलीही तक्रार नाही." बस्स. रूममेटवर ढकलायचं नाही, विनोद नाही.

तारीख अंदाजानं टाकू नका. कॉलेजच्या किंवा कोर्टाच्या कार्यालयातून नोंद मागवा, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून मुदतीच्या बऱ्याच आधी मागवा. अर्ज दिल्यानंतर नवीन काही घडलं, तर तेही कॉलेजला कळवायचं असतं.