घरची बोली, इंग्रजी आणि जनगणनेचा रकाना

जनगणना जवळ आली की धर्माच्या रकान्यात काय नोंदवावे, याची आपल्याकडे बरीच चर्चा होते. भाषेच्या रकान्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. 2021 ची जनगणना लांबली आणि आता 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक ठरला आहे. त्या निमित्ताने भाषेच्या नोंदीविषयी थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

नाशिक जिल्हा एका भाषेचा नाही. बागलाण, मालेगाव, देवळा, कळवण या पट्ट्यात घरोघरी अहिराणी चालते. सुरगाणा-पेठेकडे कोकणा व भिल्लांच्या बोली, मालेगाव शहरात विणकरांची उर्दू. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तर या साऱ्यांची गाठ हिंदी-भोजपुरीशी पडते.

2011 च्या पत्रकात आधी मातृभाषा, म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती भाषा, विचारली होती. त्यानंतर येत असलेल्या इतर भाषा, पण जास्तीत जास्त दोनच. खरी मेख येथे आहे. समजा, सटाण्याहून सिडकोत आलेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी अहिराणी, मराठी, हिंदी असे सांगितले की रकाने संपले. त्यांचे इंग्रजी कोठेच नोंदले जात नाही. शेजारी मराठी, हिंदी, इंग्रजी सांगतात. इंग्रजी दोघांचे सारखेच, पण गणतीत एकाचेच! देशात इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे 2 लाख 60 हजार आणि दुसरी वा तिसरी भाषा म्हणून सांगणारे 12 कोटींहून अधिक आढळले. हा आकडा वाचताना ही गोम ध्यानात ठेवावी.

शिवाय इंग्रजी कितपत येते, हे आपल्याकडे विचारलेच जात नाही. इंग्लंड व वेल्समध्ये 2011 साली ज्यांची मुख्य भाषा इंग्रजी नाही त्यांना ती खूप चांगली, चांगली, फारशी नाही की मुळीच बोलता येत नाही, असे विचारले होते. आपल्या प्रगणकाला केवळ समजून बोलता येते का, एवढेच पाहायचे असते. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. आपल्या मराठी शाळांत जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आले, त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. त्या जुन्या पिढीतील कित्येकांना कार्यालयातले इंग्रजी पत्र वाचता येते, पण तोंड उघडवत नाही. ते सरळ ‘नाही’ म्हणतात.

अहिराणीचे दुखणे निराळे. शहरात आल्यावर संकोचाने ‘मराठी’च सांगितले जाते. 2011 मध्ये खानदेशी या नावाखाली 18 लाखांहून अधिक लोक नोंदले गेले व अहिराणी त्यातच धरली जाते. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम 350-अ सांगते. पण बोलणारेच नोंदले गेले नाहीत, तर मागणी कोणत्या आकड्यावर करायची? सांगितलेली भाषा ही बोली की भाषा, हे ठरविणे प्रगणकाचे काम नाही. त्याने ऐकले तसे लिहावयाचे असते.

एकाच घरात सासूची मातृभाषा अहिराणी आणि सुनेची मराठी असू शकते. पत्रकात प्रत्येकाची नोंद स्वतंत्र असते. उत्तरे बहुधा कुटुंबप्रमुखच देतात, तेव्हा त्यांनी आधी आजीला विचारून घ्यावे.