मडगार्ड मागचा की पुढचा?

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. मिशिगनमध्ये पानगळ रंगात आली होती. आई-बाबांचे सहा महिने संपत आले होते आणि बॅगा भरण्यासाठी आम्ही रोज काही ना काही खरेदी करत होतो. अशाच एका संध्याकाळी दुकानातून बाहेर आलो तर पार्किंगमधल्या आमच्या गाडीला कुणीतरी ठोकून पसार झालेलं. डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वरचा पत्रा चांगलाच आत गेला होता. रंग उडून खालचं लोखंड दिसत होतं.

मी लगेच इन्शुरन्सला फोन लावला आणि ऐटीत सांगितलं, 'लेफ्ट फेंडर.' मडगार्डला इकडे फेंडर म्हणतात, हे नऊ वर्षांत पाठ झालं होतं.

बाबा तोवर खाली वाकून पत्र्यावरून बोटं फिरवत होते. म्हणाले, "अरे, हा बोल्टवर नाहीये. सांधलेला आहे. कापावा लागेल." मी फोनवर हात ठेवून "हो हो बाबा" म्हटलं आणि पुढे बोलत राहिलो.

बाबांची चौतीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेली. तिथे नुसती चासी येते आणि तिच्यावर बसची बॉडी चढते. बाबा बॉडीच्याच खात्यात होते. पण इथे आल्यापासून मी त्यांचे शब्द सुधारण्याचा सपाटा लावला होता. डिकी नाही, ट्रंक. बोनेट नाही, हूड. हूडवरून तर ते हटूनच बसले. त्यांच्या लेखी हूड म्हणजे जीपचं कापडी छप्पर, आणि इंग्रजांकडेही तोच अर्थ आहे. ऑइल बदलायला गेलो तेव्हा तिथला पोरगा 'पॉप द हूड' म्हणाला आणि बाबांनी छताकडे पाहिलं.

डिकीचं मात्र मलाही नवल वाटलं. लंडनचे लोक बूट म्हणतात, इथले ट्रंक, मग डिकी कुठून आली? पूर्वी काही गाड्यांना मागच्या बाजूला, उघड्यावर, उघडून बसायची एक जादा सीट असे. तिला ब्रिटनमध्ये डिकी सीट म्हणत आणि अमेरिकेत रंबल सीट. ती सीट गेली, नाव आपल्याकडे राहिलं, आणि आता तर ते स्कूटरच्या सीटखालीही जाऊन बसलंय. ट्रंकचं सोपं आहे. सामानाची खरीच पेटी गाडीच्या मागे बांधत असत.

स्टेपनीची गोष्ट तर त्याहून भारी. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर दोघा डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास आरे नसलेली, टायर चढवलेली एक धाव बनवली. पंक्चर झालेल्या चाकावरच ती आवळून बसवायची. त्या रस्त्याचं नाव आपल्या ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून आहे. इथे स्टेपनी म्हटलं तर कुणी ओळखत नाही. आमच्या गाडीतलं 'डोनट' म्हणतात ते बारकं चाक पाहून बाबा म्हणाले, "ही स्टेपनी आहे का सायकलचं चाक?"

माझ्या सहा वर्षांच्या लेकीला आजोबांचे शब्द जास्त आवडले. मिशिगनमध्ये पिकअप ट्रक पावलोपावली. आजोबांनी तिला शिकवलं: मागे सामान ठेवतात तो हौदा आणि खाली पडतं ते फळकूट म्हणजे फाळका. हत्तीच्या पाठीवरचाही हौदाच, हे कळल्यावर ती दोन दिवस प्रत्येक पिकअपमध्ये हत्ती शोधत होती.

इकडे माझा क्लेम अडकला. फेंडर म्हणजे इथे फक्त पुढच्या चाकावरचा भाग. मागच्याला क्वार्टर पॅनेल म्हणतात. कागदावर नुकसान पुढचं, फोटो मागचे. दोन्हीचा मेळ बसेना आणि पत्रव्यवहारात दोन आठवडे गेले. माझा कामाचा निम्मा दिवस दोन सिस्टिममध्ये एकाच गोष्टीला दोन नावं असल्यामुळे झालेले घोळ निस्तरण्यात जातो. आणि मीच हे केलं!

बाबांना पैशांची नाही, गंजाची काळजी होती. डेट्रॉइट शहराच्या खाली मिठाची मोठी खाण आहे आणि हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला भरपूर मीठ पडतं. उघडं लोखंड त्यात टिकायचं नाही. त्यांनी दुकानातून प्रायमरचा डबा आणायला लावला आणि थंडीत बसून स्वतः हात मारला.

शेवटी बॉडी शॉपमधल्या म्हाताऱ्या कारागिराने समजावलं: फेंडर बोल्ट काढून बदलता येतो, क्वार्टर पॅनेल बॉडीला वेल्ड केलेलं असतं. कापून नवं जोडावं लागेल, म्हणून खर्च जास्त. मी बाबांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "विचार त्याला, लांबी किती भरणार?"

लांबीला इथे काय म्हणतात? मला येईना. मग बाबांनीच अंगठ्याने हवेत थापल्यासारखं करून दाखवलं. "आह, बॉन्डो!" कारागीर हसला आणि दोन बोटं जवळजवळ चिकटवून दाखवली. बाबांनी मान डोलावली. पुढची दहा मिनिटं त्या दोघांना माझी गरज पडली नाही.

गाडी हातात आली तेव्हा बाबा दापोडीला पोचले होते. परवा व्हिडिओ कॉलवर जेवलास का विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "क्वार्टर पॅनेलला गंज नाही ना धरला?"

बाहेर बर्फ पडत होतं. "थांबा बाबा, बघून सांगतो," म्हणत मी बूट चढवले आणि फोन घेऊन बाहेर गेलो.