हिलचा घातांक

१९०४ साली कोपनहेगनमध्ये क्रिस्तियान बोर (नील्स बोर यांचे वडील), हासेलबाल्क आणि क्रोग यांनी ऑक्सिजनचा दाब बदलत नेऊन रक्त किती ऑक्सिजन धरते ते मोजले. आलेख सरळ चढला नाही. आधी रेंगाळला, मग झपाट्याने वर गेला आणि शेवटी आडवा झाला. चिकटलेला ऑक्सिजन पुढच्या ऑक्सिजनची वाट सोपी करतो, हे वळणावरून दिसत होते. पण गणितात कसे बसवायचे?

१९१० मध्ये केंब्रिजच्या ए. व्ही. हिल यांनी ते बसवले. गडी मूळचा गणिती, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेतला तिसरा रँग्लर. आपल्या रँग्लर परांजप्यांनी १८९९ साली गाजवली तीच परीक्षा. हिल यांनी ऑक्सिजनच्या दाबाला एक घातांक चढवला, एवढेच. माणसाच्या रक्तात तो २.७ च्या आसपास येतो. २७ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने निम्मे भरते असे धरून हिशेब करून पाहा. फुप्फुसात, १०० दाबाला, ते ९७ टक्के भरते. राबणाऱ्या स्नायूत, २० दाबाला, ३१ टक्के उरते. म्हणजे ६६ टक्के माल उतरला. घातांक १ असता, तर जेमतेम ३६ टक्के उतरला असता.

पण घातांक म्हणजे चिकटणाऱ्या ऑक्सिजन रेणूंची संख्या मानली, तर २.७ रेणू म्हणजे काय? सूत्र शब्दशः घेतले तर सगळे ऑक्सिजन एकाच क्षणी चिकटायला हवेत, आणि तसे होत नाही. हिल यांनीही घातांकाला थेट भौतिक अर्थ असल्याचा आग्रह धरला नव्हता. तो अर्थ नंतर चिकटवला गेला.

कोडे सुटले ते आलेखाकडे बघून नव्हे. गिल्बर्ट अडेर यांनी परासरण दाब चिकाटीने मोजून दाखवले, की हिमोग्लोबिनचा रेणू एका लोहअणूवरून काढलेल्या वजनाच्या चौपट जड आहे. लोहअणू चार, म्हणून ऑक्सिजन चिकटण्याच्या पायऱ्या चार आणि स्थिरांकही चार: हे अडेर यांचे १९२५ चे समीकरण. माझ्या मते या कथेचे खरे नायक तेच.

उरला प्रश्न, एक ऑक्सिजन पुढच्याची वाट सोपी कशी करतो. १९६५ मध्ये मोनो, वायमन आणि शांज्यू यांनी सगळा रेणू एकदम ताठ किंवा सैल होतो असे मांडले. वर्षभरात कोशलंड, नेमेथी आणि फिल्मर म्हणाले, एकेक भाग पाळीपाळीने बदलतो. १९७० मध्ये पेरुट्झ यांनी दाखवलेल्या हिमोग्लोबिनच्या दोन रचनांनी पारडे मोनोंकडे झुकवले. मात्र १९६८ मध्येच कॉनवे व कोशलंड यांना सशाच्या स्नायूतल्या एका विकरात उलटे वर्तन सापडले होते: पहिला रेणू चिकटला की पुढच्याला जड जाते. मोनोंच्या मूळ प्रारूपात याला जागाच नाही. अशा वेळी हिलचा घातांक १ च्या खाली येतो. पण मुळातच दोन प्रकारच्या जागा असतील तरीही तो तसाच येतो.